घर आणि यंत्र : तिजोरीच्या किल्ल्या व वसतिगृहाचा द्वारपाल

गेल्या अंकांत आम्हीं घरच्या कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रती कोठें व कशा ठेवाव्यात याविषयीं लिहिलें होतें. त्यावर जीं पत्रें आलीं त्यांपैकीं बऱ्याच पत्रांचा रोख मात्र निराळाच निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा आधार तिच्या कर्त्यांनीं थांबविला हें वाचकांस विदित आहेच. जुनीं पण धडधाकट यंत्रें मोडींत घालण्याऐवजीं कित्येक घरांनीं त्यांवर लिनक्स बसविलें, आणि आतां पत्रें येतात तीं अशीं : "यंत्र उत्तम चालतें, परंतु त्यावर कांहीं नवीन घालूं गेलें कीं तें साफ नकार देतें." या नकाराचीं कारणें बहुधा दोन असतात. एक अधिकाराचें, दुसरें प्रॉक्सीचें. दोन्हीं आमच्याच घरीं एकाच आठवड्यांत पाठोपाठ उपस्थित झालीं. तेव्हां उपदेशाऐवजीं ती हकीकतच सांगावी हें बरें.

आमच्या तीर्थरूपांची जन्मशताब्दी या वर्षीं आहे. १९५० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनीं मासिकांतून लिहिलेले लेख एकत्र करून एक छोटें पुस्तक छापावें, असें घरांत ठरलें. कात्रणें पिवळीं पडलेलीं. पुन्हां सगळीं टंकावयाचीं म्हणजे दोन महिन्यांचें काम. थोरल्या सूनबाई घरबसल्या मुद्रितें तपासण्याचें काम करितात. छापील पानाचें छायाचित्र वाचून त्यावरून मजकूर तयार करणारा टेसरॅक्ट नांवाचा कार्यक्रम लिनक्सवर मोफत मिळतो आणि त्याला मराठी वाचतां येतें, हें त्यांनींच शोधून काढलें. (हा कार्यक्रम १९८५ ते १९९४ या काळांत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत तयार झाला आणि २००५ मध्यें सर्वांस खुला करण्यांत आला.) छापखान्यास मजकूर शुक्रवारीं द्यावयाचा होता. सोमवारीं दुपारीं सूनबाई यंत्रापुढें बसल्या, तो बसविण्याची आज्ञा दिली, आणि पडद्यावर उत्तर आलें तें असें कीं, आपलें नांव अधिकाऱ्यांच्या यादींत नाहीं व घडल्या प्रकाराची वर्दी देण्यांत येईल.

"मामंजी, वर्दी कोणाला देणार हें?" त्यांनीं विचारलें. त्या हंसत होत्या, पण पुरत्या हंसत नव्हत्या.

वाचकांच्या समाधानासाठीं येथेंच सांगून टाकतों : घरच्या यंत्रावर ही वर्दी कोठेंहि जात नाहीं. यंत्राच्या पोटांत एक रोजनिशी असते, तींत एक ओळ लिहिली जाते, एवढेंच. मोठ्या संस्थेंत तिथल्या व्यवस्थापकाला तसा टपालानें निरोप जाई. ती पद्धत तेथून या प्रणालींत राहून गेली आहे.

हा प्रकार असा कां, हें कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीची सुरुवात केली. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनीं १९९१ मध्यें लिनक्स रचलें तें तिच्याच धर्तीवर. युनिक्स घडली ती यंत्र एक व माणसें पुष्कळ अशा परिस्थितींत. म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणाना! प्रत्येकाची खोली वेगळी, दुसऱ्याच्या पेटीला हात लावावयाचा नाहीं. आणि कोठीघर, तिजोरी, दिंडीदरवाजा यांच्या किल्ल्या एकाच व्यक्तीच्या कमरेला. त्या व्यक्तीचें नांव 'रूट'. रूटला यंत्र कांहींहि विचारीत नाहीं. सगळें पुसून टाक म्हटलें तर पुसून टाकतें. म्हणूनच शहाणीं माणसें रूट होऊन रोजचें काम करीत नाहींत. १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर या दोघांनीं 'सुडो' नांवाची सोय काढली. यादींत ज्याचें नांव असेल त्यानें आज्ञेच्या आधीं सुडो हा शब्द टंकावा, आपलाच परवलीचा शब्द द्यावा, आणि तेवढ्या कामापुरती किल्ली वापरून परत ठेवावी. उबुंटू ही आमच्या घरीं असलेली लिनक्सची जात २००४ मध्यें निघाली तेव्हांपासून तींत रूटचें स्वतंत्र दार कुलूपबंदच ठेवलेलें असतें. यंत्र बसवितांना जें पहिलें खातें उघडलें जाईल त्यालाच सुडोचा अधिकार मिळतो. नंतर उघडलेल्या खात्यांना तो आपोआप मिळत नाहीं.

(या निमित्तानें एक बारीकशी गोष्ट. सुडो परवलीचा शब्द मागतें तेव्हां सामान्यतः टंकलेल्या अक्षरांबद्दल पडद्यावर ठिपकासुद्धां उमटत नाहीं. पुष्कळांना वाटतें कळफलक बिघडला. तसें नाहीं, टंकून झाल्यावर एंटर दाबावें.)

आमच्या यंत्रावरचें पहिलें खातें धाकट्या चिरंजीवांचें. तें यंत्र त्यांच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणाच्या वेळचें. गेल्या वर्षीं फेब्रुवारींत ते नोकरीसाठीं जर्मनीस गेले तेव्हां तें घरांत ठेवून गेले आणि जातांना सूनबाईंचें खातें उघडून दिलें, तें साधें. त्यांनीं तें कांहीं मनांत धरून केलें असें नव्हे. किल्ल्या कोणाकडे असाव्यात हा प्रश्नच त्या दिवशीं कोणाच्या डोक्यांत आला नाहीं, आमच्याहि आला नाहीं.

संध्याकाळीं चिरंजीव दूरध्वनीवर सांपडले. "वहिनी, माझा पासवर्ड घ्या आणि माझ्या खात्यांतून करा," असें ते म्हणाले. दुसऱ्याचा परवलीचा शब्द तोंडीं घेऊन काम करणें आम्हांस पसंत नाहीं व तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. पण शुक्रवार समोर दिसत होता. सूनबाईंनीं त्यांच्या खात्यांत शिरून आज्ञा दिली. या वेळीं यंत्रानें अधिकाराबद्दल कुरकुर केली नाहीं. परंतु मिनिट-दोन मिनिटें स्तब्ध राहून तें म्हणालें कीं, १० या अंकानें सुरू होणाऱ्या अमुक पत्त्याशीं, ३१२८ या दारावर, संपर्क होत नाहीं.

आतां, ब्राउझरमध्यें तर इंटरनेट व्यवस्थित चालू होतें. मग हा पत्ता कोणाचा?

चिरंजीव क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "अरेच्चा! ही तर होस्टेलची प्रॉक्सी."

प्रॉक्सी म्हणजे मधला द्वारपाल. विद्यालयें, कचेऱ्या, वसतिगृहें यांत सर्वांस थेट बाहेर सोडीत नाहींत. तुमची मागणी द्वारपालाला सांगावयाची, तो बाहेर जाऊन वस्तु आणून देतो, आणि कोणीं काय मागविलें याची नोंदहि ठेवतो. स्क्विड नांवाचा एक प्रसिद्ध द्वारपाल १९९६ पासून प्रचारांत आहे. ३१२८ हें त्याचें ठरलेलें दार. १० पासून सुरू होणारे पत्ते हे तर खासगी जाळ्यांसाठींच राखून ठेवलेले असतात, त्यांना त्या आवाराबाहेर कांहीं अर्थ नसतो. थोडक्यांत, आमचें यंत्र वसतिगृह सोडून घरीं आलें तरी बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं तेथल्या द्वारपालाला हांका मारीत होतें, आणि तो शेकडों मैलांवर.

ब्राउझर मात्र चालत होता, कारण तो पडद्यावरील सेटिंगांत पाहतो आणि तेथें प्रॉक्सी 'बंद' असेंच लिहिलेलें होतें. खरा घोटाळा येथेंच आहे. लिनक्समध्यें प्रॉक्सीचा पत्ता एकाच जागीं नसतो. पडद्यावरील सेटिंग ही एक जागा. टर्मिनल वाचतें ती 'एचटीटीपी_प्रॉक्सी' या नांवाची चल नोंद ही दुसरी. ती बहुधा 'इटीसी' कप्प्यांतील 'एन्व्हायरन्मेंट' या फाइलींतून येते किंवा प्रत्येकाच्या घरच्या 'बॅशआरसी' फाइलींतून. आणि नवे कार्यक्रम आणून बसविणारा जो 'एपीटी' नांवाचा कारभारी आहे, त्याची आपली स्वतंत्र चोपडी आहे : 'इटीसी' कप्प्यांतच 'एपीटी' नांवाचा कप्पा, त्यांत 'एपीटी.कॉन्फ' ही फाइल व 'एपीटी.कॉन्फ.डी' हा पोटकप्पा. (हीं नांवें आम्ही उच्चाराप्रमाणें देत आहों, यंत्रावर तीं रोमन लिपींत, लहान अक्षरांतच टंकावयाचीं.)

त्या रात्रीं ज्या क्रमानें फजिती झाली तो क्रम उपयोगी आहे म्हणून सांगतों. चिरंजीवांनीं प्रथम टर्मिनलमधील चल नोंद 'अनसेट' या आज्ञेनें पुसावयास सांगितली. पुसली, नकार कायम. कारण एपीटीच्या चोपडींत पत्ता होताच. 'एपीटी-कॉन्फिग डंप' ही आज्ञा दिली म्हणजे ती चोपडी पडद्यावर वाचावयास मिळते. तींत प्रॉक्सीच्या दोन ओळी सांपडल्या. त्या ओळींपुढें दोन तिरक्या रेघा घातल्या म्हणजे त्या रद्द होतात, पुसाव्या लागत नाहींत. रेघा घातल्या, नकार पुन्हां कायम! आतां चिरंजीवहि बुचकळ्यांत पडले. उलगडा असा निघाला कीं, उबुंटूमध्यें सुडो कामाला लागलें कीं 'एन्व्हायरन्मेंट' ही फाइल नव्यानें वाचतें. तेव्हां सूनबाईंनीं आपल्या हातानें पुसलेली नोंद सुडो दर वेळीं मागच्या दारानें परत आणीत होतें.

शेवटीं ती फाइल उघडली. ती उघडण्यापूर्वीं तिची एक प्रत करून ठेवली होती हें आमचें नशीब. कारण आम्हीं उत्साहाच्या भरांत "सगळेंच पुसून टाका" असें म्हटलें होतें. त्या फाइलींत 'पाथ' नांवाची एक ओळ असते; यंत्राला आपल्या आज्ञा कोठें शोधावयाच्या तें तीवरून कळतें. ती पुसली असती तर प्रॉक्सीपेक्षां मोठें संकट ओढवलें असतें. वाचकांनीं फक्त ज्या ओळींत 'प्रॉक्सी' हा शब्द आहे त्याच काढाव्यात, बाकीच्यांना हात लावूं नये, आणि मग खात्यांतून बाहेर पडून पुन्हां आंत यावें.

त्या ओळींत आणखी एक वस्तु होती. वसतिगृहाचा द्वारपाल नांव व परवलीचा शब्द विचारी. चिरंजीवांनीं ते दोन्हीं पत्त्याच्या आधीं उघडे लिहून ठेवले होते. ही फाइल यंत्रावरील कोणत्याहि खात्यांतून वाचतां येते. सुदैवानें तें विद्यार्थी-खातें केव्हांच बंद झालें आहे. परंतु तोच शब्द आपण दुसरीकडे वापरीत नाहीं ना, याचा विचार चिरंजीवांना दोन दिवस करावा लागला असावा. आम्हीं अधिक विचारलें नाहीं.

रात्रीं अकराच्या सुमारास यंत्र बोलतें झालें. तेव्हां कळलें कीं चारशेंहून अधिक सुधारणा खोळंबल्या आहेत. सूनबाईंचें काम अडलें नसतें तर हें कोणाला कळलेंच नसतें. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या लिनक्स आपण होऊन रोज मागवीत असतें. आमचें यंत्र अकरा महिने त्या मागवीत होतें, अकरा महिने रिकाम्या हातानें परतत होतें, आणि तें पडद्यावर कोणी सांगत नव्हतें. याच यंत्रावरून आमचे बँकेचे व्यवहार होतात. ज्या घरीं विद्यार्थ्याचें किंवा कचेरीचें जुनें यंत्र आलें असेल त्यांनीं आजच टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी अपडेट' ही आज्ञा द्यावी आणि येणारें उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें.

याच्या अगदीं उलट अडचण ज्यांचीं मुलें सध्यां वसतिगृहांत आहेत त्यांना येते. मुलगा प्रॉक्सीचा पत्ता आपल्या 'बॅशआरसी' फाइलींत लिहितो. टर्मिनलमधील इतर कामें होतात, पण सुडो लावलें कीं इंटरनेट नाहीं. येथें सुडोची खोडी नसून तिचा शहाणपणा आहे : किल्ली हातीं देण्यापूर्वीं ती माणसाच्या खिशांतील बहुतेक सर्व चल नोंदी काढून घेते, कारण तसल्या नोंदींत खोटी वाट दाखवून रूटला फसविण्याच्या युक्त्या असूं शकतात. प्रॉक्सीचा पत्ताहि त्यांबरोबर गळतो. त्या वेळेपुरतें 'सुडो' पुढें 'उणें मोठा ई' लिहिलें तर, परवानगी असल्यास, नोंदी बरोबर नेतां येतात. पण कायमचा उपाय एपीटीच्या चोपडींत पत्ता लिहिणें हाच. परवलीच्या शब्दांत ॲट हें चिन्ह असेल तर त्याच्या जागीं टक्क्याचें चिन्ह व ४० लिहावें लागतें, नाहींतर यंत्र तेथेंच पत्ता तोडतें. आणि सुटींत घरीं येतांना ती ओळ काढावयाची, हें मुलांना सांगून ठेवावें.

मंगळवारीं सकाळीं टेसरॅक्ट बसला, त्याचा मराठीचा भागहि बसला, व पहिलें पान वाचून निघालें. तीर्थरूपांचे लेख १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वींचे. त्यांतले अनुस्वार यंत्रानें कोठें गाळले, कोठें डागालाच अनुस्वार समजून जास्तीचे दिले. तरी टंकण्याच्या मानानें काम चौथाईवर आलें.

मग खरा प्रश्न निघाला. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पुढच्या वेळीं पुन्हां भाऊजींचा पासवर्ड मागूं का?" त्यांनीं तें सहज विचारलें. उत्तर देतांना मात्र आम्हीं घुटमळलों, हें कबूल केलें पाहिजे. या घरांत चाळीस वर्षें आम्ही ज्या किल्ल्या सांभाळल्या त्या सोडतांना हात आखडतो, आणि यंत्राची किल्ली आमच्याजवळ कधीं नव्हती तरीहि तो आखडला! आम्हीं मध्यम मार्ग सुचविला : सूनबाईंना फक्त नवे कार्यक्रम बसविण्यापुरताच अधिकार द्यावा. सुडोच्या यादींत अशी एका आज्ञेपुरती मुभा लिहितां येते हें आम्हीं वाचलेलें होतें. चिरंजीव दूरध्वनीवर मोठ्यानें हंसले. कार्यक्रम बसवितांना त्याच्याबरोबर आलेल्या आज्ञा यंत्र रूटच्या अधिकारानें चालवितें. ज्याला कोणताहि कार्यक्रम बसवितां येतो त्याला सर्वच करतां येतें. कोठीची किल्ली द्यावयाची आणि तिजोरी त्याच कोठींत ठेवावयाची, असा तो मध्यम मार्ग. आमच्या घरांतून यावर एवढेंच बोलणें झालें कीं, "बँकेच्या लॉकरची किल्ली चार वर्षें तिच्याजवळ आहे, तेव्हां नाहीं विचारलेंत कोणी." यापुढें आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

आज्ञा एका ओळीची आहे : 'सुडो', मग 'यूझरमॉड', मग उणें चिन्ह व त्याला जोडून लहान 'ए' व मोठा 'जी', मग गटाचें नांव म्हणजे पुन्हां 'सुडो', आणि शेवटीं खात्याचें नांव. यांतला 'ए' विसरूं नये. तो विसरला तर त्या खात्याचे पूर्वींचे सर्व जोड-गट जाऊन हा एकच राहतो, आणि मग आवाज नाहीं, छापयंत्र नाहीं अशा भलत्याच तक्रारी सुरू होतात. फेडोरा या जातींत गटाचें नांव 'व्हील' असतें. बदल लागू होण्यास खात्यांतून एकदां बाहेर पडून परत यावें लागतें. पुष्कळ लोक हें न करतां आज्ञाच चुकली असें समजतात. सुडोची यादी हातानें बदलण्याचा प्रसंग आलाच तर 'व्हीसुडो' याच आज्ञेनें बदलावी. ती जतन करण्यापूर्वीं चुका तपासते. साध्या रीतीनें लिहितांना एक चिन्ह चुकलें तर सर्वांचीच किल्ली एकदम जाते.

ज्यांच्या घरीं किल्ली असलेली व्यक्ति सांपडतच नाहीं, किंवा दुर्दैवानें या जगांतच नाहीं, अशा दोन वाचक-भगिनींचीं पत्रें आमच्यापुढें आहेत. त्यांना मार्ग आहे. यंत्र सुरू होतांना शिफ्ट, कांहीं यंत्रांत एस्केप, ही कळ दाबली म्हणजे एक यादी येते. तींत प्रगत पर्यायांखालीं 'रिकव्हरी' म्हणून प्रकार असतो व त्यांत रूटचें दार मिळतें. तेथें प्रथम डिस्कवर लिहिण्याची मुभा 'माउंट'च्या आज्ञेनें घ्यावी लागते, मग वर दिलेलीच आज्ञा, पुढचा 'सुडो' शब्द गाळून, द्यावयाची. डिस्कला सांकेतिक कुलूप असेल तर मात्र त्याचा परवलीचा शब्द हवाच. तो नसेल तर ही वाट बंद. आणि तसें कुलूप नसेल तर हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, जी वाट या भगिनींना खुली आहे ती यंत्र उचलून नेणाऱ्या चोरालाहि खुली आहे.

आमच्या यंत्रावर आतां दोन खात्यांना किल्ली आहे. चिरंजीवांनीं आपला परवलीचा शब्द बदलला. सूनबाईंनीं आपला एका बंद पाकिटांत घालून देवघराच्या कपाटांत, घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवला आहे. पाकिटावर कोणाचेंहि नांव नाहीं, तारीख तेवढी आहे. रोजनिशी उघडून पाहिली तेव्हां सोमवारच्या त्या नकाराची ओळ तींत होतीच, आणि बुधवारपासून त्याच नांवानें दिलेल्या आज्ञा.

मजकूर छापखान्यास शुक्रवारीं नव्हे, शनिवारीं गेला. छापयंत्राविषयीं आलेल्या प्रश्नांचा विचार पुढील अंकीं करूं.